ओठांभोवती लाल गोल

तांडापेठ, नागपूर
२ जून २०२५

चि. धनश्रीला मोठ्याआईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. घरात मी एकटीच, त्यामुळे मी ठीक म्हणजे सगळं ठीक. तुझे मोठेबाबा गेले तेव्हाच मी मोबाइल बंद करून कपाटात टाकला, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. सातवीपर्यंत गुरुजींनी पत्रलेखन घोटून घेतलं होतं, ते आता कामी येत आहे. चुका काढत बसू नकोस.

पत्राचं कारण असं की, तुझे मोठेबाबा पुन्हा फिरायला लागले आहेत.

परवा दुपारी मी दारात गहू निवडत होते. समोरच्या गोपिकाच्या घरातून ते संगीत ऐकू आलं. आधी ढम्म ढम्म, मग पुंगीसारखं काहीतरी. पहिल्याच ठोक्याला मला कळलं, हे तिच्या घरात आहेत. तशीच उठून गेले. गोपिका या गल्लीत नवी सून आहे, तिनं ह्यांना कधी पाहिलेलं नाही. ती म्हणते, "पाहा नं काकू, कोरोना परत येऊन राहिला म्हणते, अन् लोकं असे कामं करते." तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. हे मागावर बसलेले. ओठांभोवती तोच लाल गोल. खाली मजकूर तेवढा नवा.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं ते कधी कोणी लिहिलंच नाही. २०२० च्या टाळेबंदीत तुझा भाऊ भूपेश आमच्याकडे अडकला होता. हे विणायचे, मी त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची, तो बसून पाहायचा. एक दिवस त्यानं कौतुकानं व्हिडिओ काढला. त्यात ताण्याचा धागा तुटतो, हे बोटं ओठाला लावून ओली करतात, धागा पिळून जोडतात आणि धोटा पुन्हा सुरू होतो. आपल्या कोष्ट्यांत धागा असाच जोडतात, पणजोबापासून. भूपेशनं तो स्टेटसला ठेवला. तिथून कोणीतरी उचलला, ओठाला बोटं लावण्याचा तेवढाच तुकडा कापला, संगीत भरलं, गोल काढला आणि लिहिलं, 'मास्कच्या कापडाला थुंकी लावून रोग पसरवणारा माणूस. सावध राहा. पुढे पाठवा.' मास्कचं कापड नव्हतं गं ते. लुगडं होतं, करवती किनारीचं. अजून मागावर अर्धंच आहे, वर चादर टाकून ठेवली आहे.

तू पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस. हे कुठून बंद करता येत असेल तर कर. मेलेल्या माणसाला लोकांनी किती फिरवायचं?

तुझी,
मोठीआई

---

पुणे
११ जून २०२५

प्रिय मोठीआई,

तुझं पाकीट वॉचमननं असं दोन बोटांत धरून दिलं, जणू कोर्टाची नोटीस. आमच्या इमारतीत माणसाचं पत्र कोणाला येत नाही. मी जिन्यातच उभी राहून वाचलं.

आधी भांडण. गोपिकाच्या फोनवर तुझ्याशी बोलू म्हटलं तर मागे तू निरोप पाठवलास की लोकांच्या मोबाइलला मी कान लावत नाही. ठीक आहे. मीही पत्रच लिहीन. माझं अक्षर बिघडलंय, ते तू सोसायचं.

व्हिडिओ मी पाहिला. शोधावा लागलाच नाही, नुसतं विचारलं तर तीन मैत्रिणींकडे निघाला. एका ठिकाणी मोठेबाबा उत्तर प्रदेशातले आहेत, एका ठिकाणी परदेशातून घुसलेले. एकीकडे त्यांना अटकही झाली आहे. एका बाईनं लिहिलंय की तिनं हा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पकडला. खाली लोकांनी ज्या शिव्या दिल्यात त्या मी वाचत बसले, आणि मग जेवले नाही.

मी तक्रारी करायला लागले आहे. माझ्या ऑफिसात एकजण हेच काम करतो, खोटे व्हिडिओ काढून टाकायचं. तो म्हणाला, चिवटपणे मागे लागलं तर निघतात. चिवटपणा आपल्या घराण्यात आहे. एकूण एक काढून टाकीन, हा माझा शब्द.

तोवर ते संगीत आलं की तू घरात जा.

तुझी,
धनू

---

तांडापेठ, नागपूर
२४ जून २०२५

चि. धनूला आशीर्वाद.

घरात जा म्हणतेस, पण ते संगीत भिंतीतून येतं. मागच्या आठवड्यात मी पानठेल्याजवळून जात होते, तिथे पोरांच्या घोळक्यात हे होते. कामठीला जायला बसमध्ये बसले, तर शेजारच्या बाईच्या मांडीवर मोबाइल आणि त्यात हे. तिकीट काढलेलं असून मी मधेच उतरले. असे हे जिवंतपणी कधी फिरले नाहीत बाई. घर आणि माग, माग आणि घर. आता या वयात जगभर हिंडतात, आणि मला मात्र भेटत नाहीत.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची लाज वाटली. मला ह्यांचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटून आठवायला जाते तर आधी लाल गोल येतो. मग त्यात ओठ येतात. बाकी चेहरा येतच नाही. चाळीस वर्षं ज्या माणसासमोर बसून जेवले, त्याचे फक्त ओठ माझ्याकडे उरले आहेत, तेही लोकांनी दाखवले तसे. भिंतीवर लग्नातला फोटो आहे, पण त्यातला मुलगा मिसरूड फुटलेला, मी त्याला धड ओळखतही नव्हते. आधार कार्डावर तर देवमाणूसही चोर दिसतो.

तू बंद करायचं ते कर. पण भूपेशकडे खरा व्हिडिओ असेल, पूर्ण, गोल नसलेला. तो मला एकदा पाहायचा आहे. मला माझ्या माणसाचा चेहरा परत पाहिजे, एवढंच मागणं आहे. भूपेश कळमेश्वरच्या कारखान्यात आहे, बसनं तासाभराची वाट. पण ह्यांच्या तेरवीनंतर त्यानं इकडे पाऊल टाकलं नाही. मला वाटतं, त्यालाही जगाचं पटलं असेल. तरी त्याच्यावर चिडू नकोस, नुसतं विचार.

मोठीआई

---

पुणे
६ जुलै २०२५

प्रिय मोठीआई,

भूपेशला विचारलं. शोधतो म्हणाला. त्याच्या फोनचं नेहमीचंच रडगाणं आहे, वेळ लागेल. तू काळजी करू नकोस, मिळेल.

इकडे तक्रारींना यश येतंय. दोन मोठ्या ठिकाणांहून व्हिडिओ निघाला. एका पानावर तर 'दिशाभूल करणारा' अशी पट्टी लावलीय. पट्टी वाचतो कोण म्हणा, पण लावली.

पुण्यातही बातम्यांनी लोक पुन्हा बिथरलेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं. परवा लिफ्टच्या कॅमेऱ्यातला एक तुकडा आला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या प्रयागबाई त्यात खोकताहेत, तोंडाला पदरसुद्धा न लावता, आणि त्याच हातानं बटण दाबताहेत. वर कोणीतरी लिहिलं, 'हिला चार घरांत जाऊ द्यायचं का?' मग सगळ्यांनी मिळून तिला महिनाभर यायला मनाई केली. मीही हो म्हटलं. सासूबाईंचं वय झालंय, धोका कशाला? त्यामुळे सध्या मी ऑफिस करून पोळ्या लाटतेय आणि प्रत्येकीचा नकाशा वेगळ्याच देशाचा येतोय.

पावसात ओल्यात चालू नकोस.

धनू

---

तांडापेठ, नागपूर
१८ जुलै २०२५

धनू,

पोळ्यांचं वाचून हसू आलं आणि मग हसू गेलं. प्रयागबाईंना तू विचारलंस काय, काहून खोकलीस म्हणून? पत्रात ते नाही. तुकडा पाहिलास, की बाई पाहिलीस?

रागावून लिहीत नाही. आता तुला ह्यांचं सांगते, म्हणजे मी काहून विचारलं ते समजेल.

तो व्हिडिओ गल्लीत पोचला तेव्हा मला वाटलं, परके लोक काही म्हणोत, आपले लोक हसतील. ही कोष्ट्यांची गल्ली. आता कोणी कारखान्यात आहे, कोणी किराणा टाकला आहे, पण ज्याचा बाप थुंकी लावून धागा जोडत मेला नाही असं एक घर नाही इथे. आणि तेच लोक पोरांना आमच्या दारावरून नेताना पलीकडच्या बाजूनं नेऊ लागले. दूधवाला पिशवी खिळ्याला अडकवून पळायचा. तो तरी गवळी होता, त्याला मागाचं काय कळणार?

मग एक माणूस आला, मोबाइलला काठी लावलेला, हातात माइकचं बोंडूक. मोबाइलवरच्या कोणत्या तरी चॅनेलचा. त्यानं आमच्या घराला पाठ करून भाषण केलं आणि शेजारच्या मधुसूदनला विचारलं, तुम्ही पण धाग्याला थुंकी लावता काय? मधुसूदन आणि हे एका वयाचे. ह्यांच्या बाबांनीच त्याला मागावर बसवलं होतं. मी दाराच्या फटीतून पाहत होते. तो म्हणाला, "नाही जी. आमी तं पाणी लावतो." आणि कॅमेऱ्यात पाहून मान हलवली.

तेही फिरलं. ह्यांनी ते भूपेशच्या मोबाइलवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मनकर्णा, वाटीभर पाणी देजो." मागाजवळ वाटी ठेवली. धागा तुटला की हात आपोआप तोंडाकडे जायचा, मग वाटेतच थांबायचा, मग वाटीत जायचा. पाण्यानं जोडलेला धागा वाळला की सुटतो. पुन्हा तुटायचा. पुन्हा हात उठायचा आणि हवेत थांबायचा. घरात आम्ही तिघंच होतो, कोणी कॅमेरा लावून बसलं नव्हतं. तरी थांबायचा. शेवटी एका दुपारी उठले आणि धागा तुटलेला तसाच सोडून पलंगावर पडले. ते पुन्हा मागावर बसले नाहीत. थंडीत गेले. रोग काहीच नव्हता, डॉक्टरांनी लिहिलं हृदय थांबलं. गल्लीनं मात्र म्हटलं की कोरोनानंच गेला, करणी तशी भरणी. तेव्हापासून रस्त्यावरचं दार मी लावूनच ठेवते, दुपारी गल्लीत कोणी नसतं, तेवढी थोडा वेळ दारात बसते.

मधुसूदनचा मला राग येत नाही. तो घाबरला होता. माहीत असूनही माणूस घाबरतो, याचीच मला जास्त भीती वाटते.

भूपेशला सापडलं काय?

मोठीआई

---

पुणे
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय मोठीआई,

उत्तराला महिना लागला. तुझं पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरत होते.

आधी प्रयागबाई. तू विचारलंस म्हणून लिहिते. त्या दिवशी लिफ्टमध्ये शिरण्याआधी ती माझ्याच घरातून निघाली होती. ठेच्यासाठी मी मिरच्या भाजायला लावल्या होत्या. ठसका मलाही लागला होता, सासूबाईंनाही लागला होता, आम्ही तिघी खिडकी उघडून हसलो होतो. आणि दोन तासांनी तो तुकडा पाहून मी 'हो' लिहिलं. मोठीआई, मला माहीत होतं गं. तरी लिहिलं. तिच्याकडे गेले तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळी घरं सुटली म्हणून गावाकडे गेली. तिच्या नावापलीकडे गावाचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला आणि खाली कोणीतरी फुलांची चित्रं टाकून सुप्रभात केलं.

आता चांगली बातमी, आणि ती खरोखर चांगली आहे. तुझा व्हिडिओ गेला! ऑफिसातल्या त्या मुलानं आणि मी मिळून सगळ्या ठिकाणी पाठपुरावा केला. त्याची ओळखखूण म्हणे साठवून ठेवतात, म्हणजे मोठ्या ठिकाणी कोणी तोच पुन्हा टाकला तर आपोआप अडतो. पंधरा ऑगस्टला शेवटचा दुवा बंद झाला. मी माझ्या फोनमधल्या सगळ्या प्रतीसुद्धा पुसल्या. ती घाण मला एक क्षण जवळ नको होती.

मोठेबाबा आता कोणाच्या घरात जाणार नाहीत. स्वस्थ झोप.

तुझी,
धनू

---

तांडापेठ, नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. धनू,

तुझं पत्र काल मारबतीच्या दिवशी हातात पडलं. पोळ्याचा दुसरा दिवस, रस्त्यावर ही गर्दी. पिवळ्या मारबतीचा पुतळा आमच्या इथूनच निघतो. लोक गळा फाडून ओरडत होते, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! रोगराई घेऊन जाय गे मारबत!" दाराच्या फटीतून मी तेच पाहत होते आणि हातात तुझं पत्र होतं. वाचलं. दोनदा वाचलं. बाहेर म्हणत होते घेऊन जाय, घेऊन जाय, आणि मला एकदम वाटलं, ह्यांनाही नेलं.

तू कष्ट केलेस, मीच सांगितले होते. तरी आता सांगते, सगळं पुसू नकोस. एक राहू दे. मला भूपेशवाला मिळेपर्यंत तरी. कालपासून गल्लीत ते संगीत नाही. मी कान लावून बसते. बरं वाटायला पाहिजे, नाही काय? घर इतकं गप्प झालं आहे की मला बसवत नाही. खोटं असलं तरी त्यात हे हलत होते, धनू. हात तोंडाकडे जात होता आणि थांबत नव्हता.

भूपेशनं शोधलं काय, ते स्पष्ट लिही. "मिळेल" लिहू नकोस.

मोठीआई

---

पुणे
३० ऑगस्ट २०२५

मोठीआई,

स्पष्ट लिहिते. भूपेशकडे व्हिडिओ नाही. २०२० मध्येच नव्हता. गोंधळ सुरू झाला तेव्हा पोलीस फोन तपासतील या भीतीनं त्यानं सगळा फोन पुसून टाकला. हे मला जुलैमध्येच कळलं होतं. तुला सांगवलं नाही म्हणून 'शोधतो म्हणाला' असं मी लिहिलं. तो तसं म्हणालाच नव्हता. तो फोनवर नुसता रडला आणि त्यानं फोन ठेवला.

आणि ज्या प्रतींत मोठेबाबा होते, त्या मी स्वतःच्या हातानं शोधून शोधून पुसल्या. तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी उलटं काम केलं, कुठे एखादा उरलाय का ते शोधण्याचं. ज्याच्यासाठी दोन महिने तक्रारी केल्या, तो मिळावा म्हणून नवस बोलायची वेळ आली. मिळाला नाही.

मला क्षमा कर. काहीतरी लिही.

धनू

---

तांडापेठ, नागपूर
१९ सप्टेंबर २०२५

चि. धनूला अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, तू घाबरली असशील. मला कोणावर राग नव्हता, लिहायला शब्दच नव्हते. आता आहेत, तर बैस आणि सावकाश वाच.

पितृपक्ष सुरू आहे. ह्यांच्या तिथीला मी दरवर्षी एकटीच पान वाढते. पोटचं कोणी नाही, पुतण्यानं ठेवायचं तर पुतण्या येत नाही. त्या दिवशी कढी उकळत होती आणि दार वाजलं. उघडलं तर भूपेश. बराच वाळला आहे गं, कानाजवळचे केस पांढरे झाले. जोडे काढायची हिंमत नव्हती त्याच्यात. बाहेरूनच म्हणाला, "मोठीआई, येऊ काय?"

मी म्हटलं, "पाच वर्षं काहून नाही आला गा?"

"मले वाटलं, तू मले शिव्या देत असशील. व्हिडिओ मीच काढला नं."

"अन् मले वाटलं, तुले लोकायचं पटलं."

मग आम्ही दोघंही उंबऱ्यातच रडलो. कढी उतू गेली.

जरा वेळानं त्यानं खिशातून मोबाइल काढला. म्हणाला, "मोठीआई, परत आला. काल आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर." तुझी ओळखखूण-बिळखूण काही चालली नाही बघ. आता त्यात मास्क नाहीत, कोरोना नाही. आता लिहिलं आहे की सणासुदीच्या साड्यांना हा माणूस थुंकी लावतो, खरेदी करताना सावध राहा. लोक म्हणतात पितरं या पंधरवड्यात घरी येतात. ह्यांनी वाट तेवढी नवी शोधली.

धनू, मला आनंद झाला. देवाशपथ लिहिते. खोटं छापलेलं, गोल काढलेला, तेच मेलं संगीत, आणि तरी मी म्हटलं, "आले."

भूपेश म्हणाला, "पूर्ण पाय. हा मोठा आहे. कोनी सुरुवातीचाच उचलला असन, थोडासाच कापला." मी मोबाइल हातात घेतला. गोल समोर आला आणि मला पुन्हा काही दिसेना. मग मी काय केलं माहीत आहे? त्या गोलावर अंगठा दाबून धरला. ओठ झाकले गेले. आणि वर डोळे होते.

इतक्या वेळा पाहिलं, पण गोल असा की नजर तिथेच जाते, वर चढतच नाही. त्या वर्षी सगळ्या जगाचं तोंड झाकलेलं होतं, माणूस डोळ्यांवरूनच ओळखायचा. आणि ह्यांचं एकट्याचं मात्र सगळ्यांनी तोंडच पाहिलं. डोळे हसत होते, धनू. उजव्या डोळ्याजवळची ती चुणी, भुवईतला तो एक लांब पांढरा केस, जो मी कापू म्हणायची आणि हे कापू देत नव्हते. भूपेश म्हणाला, "ते माह्याकडे नाही पाहून राहिले. तू माह्या मागं उभी होती." शेवटी संगीत संपतं. बनवणाऱ्याला ते पुरलं नसेल, किंवा त्यानं आळस केला असेल. दोन क्षण नुसता मागाचा आवाज येतो आणि मग एक बाई खेकसते, "चहा निवून राहिला नं, या आता!"

ती मी. देशभर लोकांनी ह्यांना शिव्या देताना मला ऐकलं आणि कोणाला पत्ता नाही.

नंतर मी डोळे मिटून पाहिलं. गोल आला, खोटं काहून बोलू? पण गोलाच्या वर डोळे आले.

आता तुझं काम सांगते. हाही काढून टाक. तक्रारी कर, त्या मेल्यांना सोडू नकोस, साड्या विणणारे अजून बरेच आहेत, त्यांच्या पोटावर पाय येतो. भूपेशनं मला त्याचा जुना मोबाइल दिला आहे, त्यात सिम नाही, बाहेरचं काही येत नाही. त्यात एवढे एकटे हेच. माझा अंगठा आहेच. आणि प्रयागबाईंच्या शेजारणीकडे पुन्हा जा. एकदा कुलूप दिसलं म्हणून थांबू नकोस, गावाकडून माणसं परत येतात.

अजून एक. पान ठेवून झाल्यावर मी भूपेशला म्हटलं, रस्त्यावरचं दार उघड. दोन्ही फळ्या. मग मागावरची चादर काढली. उंदरांनी काठ थोडा कुरतडला आहे, बाकी लुगडं शाबूत आहे. तो तुटलेला धागा ह्यांनी सोडला तसाच लोंबत होता. मी आयुष्यभर कांड्याच भरल्या, मागावर कधी बसले नाही. पण धागा जोडता येतो मला. बसले. हात तोंडाकडे गेला. मधे थांबेल असं वाटलं होतं, थांबला नाही. बोटं ओली केली, धागा पिळला, ओढून पाहिला. जुळला.

मान वर केली तर गल्लीत माणसं थबकलेली. मधुसूदन काठी टेकून उभा होता, खाली पाहत. आणि समोरच्या दारात गोपिका, हातात मोबाइल धरलेला, काढू की नको अशी.

मी म्हटलं, "काढ वं. पण पुरा काढजो."

तुझी,
मोठीआई